इंग्रजीतील दोन ‘टु’



वसंतातल्या व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने काहीतरी भारदस्त विषय घेऊन यावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, “इंग्रजीतला ‘टु’.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “गुरुजी, तासभर पुरेल ना?” मी म्हणालो, “मला तीस वर्षे पुरला आहे.”

थट्टा बाजूला ठेवतो. हा विषय मी का निवडला ते आधी सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भर दुपारी माझ्या घरी आला. नोकरीच्या मुलाखतीहून तो परस्पर आला होता. अर्ज त्याने स्वतःच लिहिला होता, कोणाकडून लिहून घेतला नव्हता. अर्जाच्या शेवटी त्याने लिहिले होते, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू.’ आपल्या भेटीची आतुरतेने वाट पाहत आहे, एवढाच त्यातला भाव. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली, कागद शेजारच्याला दाखवला आणि दोघेही हसले. काय चुकले ते कोणी सांगितले नाही. त्याला ती नोकरी मिळाली नाही. ती या एका ओळीपायी गेली असे मी म्हणणार नाही. पण तो मुलगा माझ्यापुढे बसून म्हणाला, “सर, ‘टु’च्या पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, असे तुम्हीच आम्हाला शिकवले होते ना?”

होय, मीच शिकवले होते. फळ्यावर लिहून, वर्गाकडून तीनतीनदा म्हणवून घेऊन शिकवले होते. ‘टु गो’, ‘टु ईट’, ‘टु मीट’. मुलाने माझा नियम पाळला होता आणि नियम पाळल्याबद्दल त्याच्या वाट्याला हसू आले होते. त्या दुपारी मी त्याला एवढेच सांगितले की, तिथे ‘मीट’ नको, ‘मीटिंग’ पाहिजे. त्याने विचारले, “का?” मी म्हणालो, “तसा प्रघात आहे.” शिक्षकाजवळ उत्तर नसले म्हणजे तो प्रघाताच्या आड लपतो. तसा मी लपलो. त्या ‘का’चे उत्तर देणे माझ्याकडे बाकी राहिले आहे. ते आज आपल्यासमोर देतो.

उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे: इंग्रजीत ‘टु’ एक नाही, दोन आहेत. ते दिसायला सारखे, ऐकायला सारखे, पण एकाच्या पुढे क्रियापद बसते आणि दुसऱ्याच्या पुढे नाम. ‘ही वेंट टु लंडन’ यातला ‘टु’ नामाचा. तो स्थळाकडे बोट दाखवतो. ‘ही वॉन्ट्स टु स्लीप’ यातला ‘टु’ क्रियापदाचा. व्याकरणात या दुसऱ्या जोडीला इन्फिनिटिव्ह म्हणतात. आपल्या शाळेत आपण तिला हेत्वर्थक म्हणून ओळखत आलो.

आता हे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. कारण ही गोष्ट आपल्या मराठीत रोज आपल्या तोंडी आहे. ‘तो पुण्याला गेला’ आणि ‘तो जेवायला गेला’ ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे ‘ला’ आहे. पुण्याला जसा ‘ला’ लागला, तसाच जेवण्याच्या क्रियेलाही लागला. पुणे हे जसे जाण्याचे ठिकाण, तसे जेवणे हेही जाण्याचे ठिकाणच. फरक एवढाच की, मराठीत क्रियापदाला ‘ला’ जोडण्यापूर्वी त्याला नामाचा वेष चढवावा लागतो. नुसत्या ‘जेव’ला ‘ला’ लागत नाही. ‘जेवावया’, ‘जेवाय’ किंवा ‘जेवण्या’ असे रूप करावे लागते आणि मग ‘जेवायला’, ‘जेवण्याला’ असे आपण म्हणतो. म्हणून मराठीत ‘ला’ एकच राहिला.

गंमत अशी की, एके काळी इंग्रजीतही असेच होते. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या पुढे ‘टो’ हा शब्द ठेवून त्या क्रियापदाला ‘-एन्ने’ असा प्रत्यय लावीत. तो प्रत्यय म्हणजे चतुर्थीसारख्या विभक्तीचे रूप. म्हणजे त्या काळी इंग्रजांचे ‘टु ईट’ हे अगदी आपल्या ‘जेवायला’सारखे होते: आधी क्रियापदाचे नाम, त्याला विभक्ती, आणि जोडीला दिशा दाखवणारा शब्द. पुढे इंग्रजीतले प्रत्यय हळूहळू झिजले. ‘-एन्ने’ गेला, क्रियापद उघडे पडले, आणि त्याच्या पुढचा ‘टु’ तेवढा खुणेसारखा उभा राहिला. आज तो ‘टु’ पुष्कळ ठिकाणी नुसती खूण आहे. पण मूळची दिशा त्याच्या अंगातून पुरती गेलेली नाही. तो अजून पुढेच पाहतो. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढे सगळा उलगडा त्यावरच होणार आहे.

इकडे इंग्रजीत क्रियापदाचे नाम करण्याची दुसरी सोय होती. ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ लावून केलेली नामे जुन्या इंग्रजीतही आढळतात. तीच सोय पुढे वाढली आणि ‘रीडिंग’, ‘ईटिंग’, ‘मीटिंग’ ही नामे क्रियापदाप्रमाणे कर्मही घेऊ लागली. यांना जेरंड म्हणतात. तेव्हा वाटणी अशी झाली: खुणेच्या ‘टु’पुढे उघडे क्रियापद, आणि दिशेच्या ‘टु’पुढे नाम. मग ते नाम ‘लंडन’ असो की ‘मीटिंग’ असो.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्यात कोणता ‘टु’ होता? त्यासाठी या विषयातला दुसरा भिडू पाहिला पाहिजे. तो म्हणजे इंग्रजीतले जोडक्रियापद, ज्याला ते लोक ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. साधे क्रियापद घ्यायचे, ‘गो’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘टर्न’, आणि त्याच्या मागे ‘ऑन’, ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असे चिमुकले अव्यय जोडायचे. दोन्ही शब्दांचे अर्थ ठाऊक असले तरी जोडीचा अर्थ हाती लागेलच असे नाही. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे.

आपल्याला संस्कृतातले उपसर्ग ठाऊक आहेत. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे चार वाटांचे चार अर्थ निघतात. जुन्या इंग्रजीतही अशी अव्यये बहुधा पुढूनच लागत. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्यांची शिल्लक राहिलेली उदाहरणे. पुढे ही अव्यये क्रियापदाच्या मागे जाऊन बसू लागली. पीटरबरोच्या मठात ११५४ पर्यंत लिहिल्या गेलेल्या बखरीत अशा जोड्या दिसू लागतात. दरम्यान १०६६ साली नॉर्मन राजवट आली आणि तिच्यामागून फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. दरबारात आणि कचेरीत फ्रेंच-लॅटिन वळणाचे शब्द, घरात आणि शेतात हे देशी जोडशब्द, अशी एक वाटणी इंग्रजीत अजून जाणवते. ग्रंथात ‘पोस्टपोन’, घरात ‘पुट ऑफ’. ग्रंथात ‘कंटिन्यू’, घरात ‘गो ऑन’. ग्रंथात ‘टॉलरेट’, घरात ‘पुट अप विथ’. आपण इंग्रजी शिकलो ते बहुतेक ग्रंथातून आणि फायलीतून. म्हणून मोठमोठे शब्द आपल्याला सोपे जातात आणि चार अक्षरांच्या घरगुती जोड्यांपाशी आपली गाडी अडते.

ही अडचण फक्त आपल्यालाच येते असेही नाही. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट नोंदवून ठेवले आहे की, परकीयांना आमच्या भाषेत सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे ही क्रियापदामागे अव्यय जोडण्याची रीत. म्हणून त्यांनी अशा जोड्या मुद्दाम काळजीने गोळा केल्या. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिरा रूढ झाले. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात ते वापरले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे त्यांनीच सांगितले आहे.

पण जोडक्रियापदांची रीत आपल्याला तरी परकी का वाटावी? ‘खाऊन टाक’, ‘खाऊन घे’, ‘खाऊन बसला’, ‘खाऊन गेला’, यातला फरक एखाद्या इंग्रजाला समजावून सांगायला बसा, म्हणजे कळेल. ‘ईट अप’ म्हणजे आपले ‘खाऊन टाक’. ‘रन अवे’ म्हणजे ‘पळून जा’. ते लोक मागे अव्यय लावतात, आपण मागे दुसरे क्रियापद लावतो. छटा आणण्याची गरज दोघांचीही तीच.

आता या जोडक्रियापदांची आणि ‘टु’ची गाठ पडते तेव्हा काय होते, ते पाहू. नियमांची यादी मी देणार नाही. बोलण्यातले चारच प्रकार घेऊ.

पहिला प्रकार सगळ्यांत साधा. ‘ही गॉट अप टु गो’: तो जायला उठला. ‘शी सॅट डाउन टु ईट’: ती जेवायला बसली. ‘दे रॅन आउट टु सी’: ते पाहायला बाहेर धावले. इथे जोडक्रियापदाने हालचाल सांगितली आणि ‘टु’ने तिचा हेतू सांगितला. मराठीत ‘ला’, इंग्रजीत ‘टु’. इथे आपल्याकडून सहसा चूक होत नाही, कारण कान तयार आहे.

दुसऱ्या प्रकारात मात्र हाच तयार कान फसवतो. ‘ही वोक अप टु फाइंड द हाउस एम्टी’ असे वाक्य मी एकदा वर्गाला भाषांतरासाठी दिले. एका मुलाने लिहिले, ‘घर रिकामे सापडावे म्हणून तो जागा झाला.’ वर्ग हसला. पण मुलाने नियमच लावला होता: ‘टु’ म्हणजे हेतू. इथे हेतू नाही, इथे परिणती आहे. शुद्ध मराठीत आपण म्हणतो, ‘जागा होऊन पाहतो तो घर रिकामे!’ त्या ‘पाहतो तो’मध्ये जी चकित होण्याची छटा आहे, तीच या इंग्रजी ‘टु’मध्ये आहे. तसेच ‘शी ग्र्यू अप टु बी अ डॉक्टर’. ती मोठी होऊन डॉक्टर झाली. डॉक्टर व्हावे म्हणून ती मोठी झाली नाही. मोठे होणे कोणाच्या हातात असते?

मघाशी मी म्हटले की, हा ‘टु’ पुढे पाहतो. पुढे पाहण्याच्या दोन रीती आहेत. माणूस ठरवतो ती एक, आणि काळ घडवतो ती दुसरी. या ‘टु’मध्ये दोन्ही मावतात. याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ‘सेट आउट टु’ आणि ‘टर्न आउट टु बी’ ही जोडी. कोलंबस १४९२ साली पश्चिमेकडून आशियाच्या पूर्वेकडील बेटांना पोहोचण्यासाठी निघाला: ‘ही सेट आउट टु रीच द ईस्ट.’ जिथे पोहोचला ती भूमी निराळीच निघाली: ‘इट टर्न्ड आउट टु बी अनदर लँड.’ आता मराठीकडे लक्ष द्या. ‘तो शोधायला निघाला’ आणि ‘ती भूमी निराळी निघाली’, दोन्हीकडे आपण ‘निघणे’च वापरले! ‘तो कामाला निघाला’ आणि ‘तो लबाड निघाला’. इंग्रजीतही दोन्हीकडे ‘आउट’, म्हणजे बाहेर. घरातून बाहेर पडणे हेही निघणे आणि आत दडलेले बाहेर येणे हेही निघणे. दोन दूरच्या भाषांनी एकच कल्पना वापरावी, हे पाहून मला तरी आनंद होतो. आणि ज्याला हे एकदा दिसले, त्याला ‘सेट आउट’ आणि ‘टर्न आउट’ यांच्यापुढे ‘टु’ आणि मूळ क्रियापद का येते, ते पाठ करावे लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात ‘टु’ आला की एक अर्थ होतो आणि ‘-इंग’ आला की दुसरा. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण रोजच्या बोलण्यात या फरकाला फार किंमत आहे. ‘गो ऑन’ घ्या. सभेत वक्ता बोलत आहे. ‘ही वेंट ऑन स्पीकिंग’ म्हणजे तो बोलतच राहिला, श्रोते घड्याळाकडे पाहत होते तरी. (हे उदाहरण मी दुसऱ्या वक्त्याचे देत आहे.) ‘ही वेंट ऑन टु स्पीक ऑफ द बजेट’ म्हणजे आधीचा मुद्दा संपवून तो पुढे अर्थसंकल्पाबद्दल बोलू लागला. पहिल्यात जुनेच काम चालू आहे, दुसऱ्यात नवे काम पुढे उभे आहे. मराठीने हा फरक किती स्वच्छ ठेवला आहे पाहा: ‘बोलत राहिला’ आणि ‘बोलायला लागला’. ‘-इंग’ म्हणजे हातातले काम. ‘टु’ म्हणजे पुढचे काम.

हीच किल्ली ‘गिव्ह अप’ला लावा. सोडून द्यायचे ते हातातलेच द्यावे लागते. जे अजून धरलेच नाही ते सोडणार कसे? म्हणून ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’: त्याने विडी ओढायचे सोडले. इथे कोणी ‘ही गेव्ह अप टु स्मोक’ म्हणाला, तर इंग्रजाच्या कानाला ते ‘विडी ओढता यावी म्हणून त्याने हात टेकले’ असे लागते. उलट ‘ही गेव्ह अप हिज जॉब टु लुक आफ्टर हिज मदर’ हे वाक्य बिनचूक आहे: आईची सेवा करायला त्याने नोकरी सोडली. नोकरी हातातली, ती सुटली. सेवा पुढची, तिला ‘टु’. ‘कीप ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’ हीही ‘-इंग’च घेतात, कारण चालू ठेवायचे ते चालू असलेलेच. ‘पुट ऑफ’ थोडे निराळे. त्यात काम अजून झालेले नसते, तरी पुढे ढकलायचे ते आधी ठरलेले असते, म्हणून तेही ‘-इंग’ घेते: ‘डोंट पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट.’

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. ‘एंड अप’ पाहा. ‘ही एंडेड अप पेइंग द बिल’ म्हणजे शेवटी बिल त्याच्याच गळ्यात पडले. अर्थाने ही परिणती आहे, म्हणजे ‘टर्न आउट’ची सख्खी बहीण. तरी ‘टर्न आउट’ला ‘टु’ आणि ‘एंड अप’ला ‘-इंग’. भाषा हा माणसांनी हजार वर्षे वापरलेला रस्ता आहे, इंजिनियरने आखलेला नव्हे. त्यात अशी वळणे असायचीच. ती ओळखून पाठ करावी. पण शंभर पाठ करण्याऐवजी दहा पाठ करावी लागली, तर विद्यार्थ्याचा जन्म सुसह्य होतो.

आता चौथा प्रकार, आणि त्यातच माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य आहे. काही जोडक्रियापदे दोन शब्दांची नसून तीन शब्दांची असतात आणि त्यांतला तिसरा शब्द ‘टु’ असतो. ‘लुक फॉरवर्ड टु’, ‘गेट राउंड टु’, ‘गेट डाउन टु’, ‘फेस अप टु’, ‘ओन अप टु’. इथे ‘टु’ पुढच्या क्रियापदाची खूण नाही. तो मागच्या जोडक्रियापदाच्याच कुटुंबातला आहे. तो दिशेचा ‘टु’ आहे. आणि दिशेच्या ‘टु’ला नाम लागते. ‘आय लुक फॉरवर्ड टु द हॉलिडेज’: मी सुट्टीकडे डोळे लावून बसलो आहे. सुट्टीच्या जागी भेट घाला: ‘टु मीटिंग यू’. मराठीत ‘भेटीकडे डोळे लावून बसलो आहे’ असे आपण म्हणतो. ‘भेटकडे’ म्हणत नाही, आणि ‘भेटायला डोळे लावून बसलो आहे’ असे म्हटले तरी कान कुरकुरतो. त्या मुलाला मी त्या दुपारी एवढे सांगितले असते, तर त्याचे समाधान झाले असते.

कोणता ‘टु’ आहे हे ओळखण्याची घरगुती युक्ती अशी: ‘टु’च्या पुढचे सगळे झाकून तिथे ‘इट’ किंवा ‘दॅट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टु इट’, बसले. ‘आय नेव्हर गॉट राउंड टु इट’, बसले. म्हणजे इथे नाम चालते, तेव्हा क्रियापद आणायचे तर ‘-इंग’ लावूनच आणले पाहिजे: ‘आय नेव्हर गॉट राउंड टु रायटिंग द लेटर’, पत्र लिहायचे राहूनच गेले. आता ‘आय सेट आउट टु इट’ म्हणून पाहा. बसत नाही. ‘इट टर्न्ड आउट टु दॅट’, तेही बसत नाही. तिथे मूळ क्रियापद घाला. ‘यूज्ड टु’चे कोडेही याच युक्तीने सुटते. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन नागपूर’: मी पूर्वी नागपूरला राहत असे. ‘आय ॲम यूज्ड टु लिव्हिंग इन नागपूर’: मला नागपूरला राहण्याची सवय आहे. दुसऱ्या वाक्यात ‘आय ॲम यूज्ड टु इट’ बसते, पहिल्यात बसत नाही.

युक्तीलाही अपवाद आहे आणि तो आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी मला गाठणार नाही. ‘ही वेंट ऑन टु द नेक्स्ट पॉइंट’ यात नाम बसते, तरी ‘ही वेंट ऑन टु एक्स्प्लेन’ यात मूळ क्रियापदच येते. इथे दोन ‘टु’ अजून एकमेकांना धरून उभे आहेत. पुढचा मुद्दा काय किंवा पुढची कृती काय, दोन्हीकडे पुढे जाण्याची दिशा जिवंत आहे. पूर्वी दोघे एकाच घरात नांदत होते, त्याची ही आठवण समजावी.

एक बारीक गोष्ट जाता जाता. ‘टु’नंतर जोडक्रियापद आले आणि त्याला कर्म असले, तर ते कुठे ठेवायचे? ‘टु पुट आउट द लॅम्प’ म्हणा किंवा ‘टु पुट द लॅम्प आउट’ म्हणा, दोन्ही चालते. पण दिव्याच्या जागी सर्वनाम आले की ते मधेच बसले पाहिजे: ‘टु पुट इट आउट’. ‘टु पुट आउट इट’ असे कोणी इंग्रज म्हणत नाही. आणि ‘अ मॅन टु लुक अप टु’ अशा वाक्यात शेवटी लोंबकळणारा ‘टु’ पाहून घाबरू नये. ‘ज्याच्याकडे आदराने पाहावे असा माणूस’ हा त्याचा अर्थ. त्यातला पहिला ‘टु’ खुणेचा आणि शेवटचा दिशेचा. एका चिमुकल्या वाक्यात दोघे भाऊ हजर आहेत.

हे सगळे कोणी शिकवत नव्हते काय? शिकवत होते. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानात शिकवीत असत. परकीय विद्यार्थ्याची अडचण शब्दाच्या अर्थापेक्षा शब्दाच्या रचनेत असते, हे त्यांनी ओळखले. १९४२ साली टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांचे पंचवीस साचे दिले होते. कोणत्या क्रियापदापुढे ‘टु’ आणि कोणत्यापुढे ‘-इंग’, हे तिथे आकड्याने दाखवले होते. तोच कोश पुढे १९४८ पासून ऑक्सफर्डने काढला. तो आपल्या शाळांच्या कपाटातही होता. माझ्याही शाळेच्या कपाटात होता, कुलूप लावून. दोष कोशाचा नव्हता. आम्ही मुलांना नियम दिला आणि कारण दिले नाही, हा दोष आमचा.

आता शेवटचा आणि मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. आज गावोगावची मुले इंग्रजी शिकत आहेत. चांगली गोष्ट आहे. पण इंग्रजी ही आपल्याकडे अजून नुसती भाषा झालेली नाही, ती एक चाळणी झाली आहे. एका ‘मीट’वरून आणि एका ‘मीटिंग’वरून माणूस कोणत्या शाळेत शिकला, कोणत्या घरातून आला, हे ओळखले जाते आणि त्याला बाजूला काढले जाते. ज्या गृहस्थांनी त्या मुलाच्या अर्जावर तांबडी रेघ ओढली, त्यांना ‘मीटिंग’ का हे विचारले असते तर सांगता आले असते काय? मला शंका आहे. मलाच तेव्हा सांगता आले नव्हते. ज्याचे कारण आपल्याला ठाऊक नाही, त्या चुकीवर हसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि चूक म्हणजे तरी काय? त्या मुलाने दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांना एक समजले. हजार वर्षांपूर्वी ते खरोखरच एक होते. आपल्या मराठीत ते अजून एक आहेत. त्याच्या चुकीत अडाणीपणा नव्हता, मातृभाषेचा तर्क होता. शिक्षकाने तो तर्क पुसून टाकायचा नसतो, त्याचा हात धरून पलीकडे न्यायचे असते. ‘जेवायला’ आणि ‘पुण्याला’ शेजारी ठेवा, ‘बोलत राहिला’ आणि ‘बोलायला लागला’ शेजारी ठेवा, ‘कामाला निघाला’ आणि ‘लबाड निघाला’ शेजारी ठेवा, म्हणजे मराठी मूल इंग्रजीच्या निम्म्या वाटेवर आपल्याच पायांनी येऊन उभे राहते. इंग्रजी चांगली यावी म्हणून मराठी दूर सारणाऱ्या पालकांनी यावर थोडा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

त्या विद्यार्थ्याला पुढे नोकरी मिळाली. दुसरीकडे, आणि स्वतःच्या हिमतीवर. गेल्या वर्षी तो भेटला तेव्हा मी त्याला म्हणालो, “तुझ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे.” तो हसून म्हणाला, “सर, आता माझी मुलगी तोच प्रश्न विचारते. तिला सांगा.” म्हणून मी आज इथे आलो. ती मुलगी या सभेत बसली आहे की नाही, मला ठाऊक नाही. असली तर तिने एवढे घरी न्यावे: ‘टु’ दिसला की लगेच मूळ रूप लिहू नये. आधी विचारावे, हा ‘टु’ मागच्याचा की पुढच्याचा? मागच्याचा असला तर त्याला नाम द्यावे. पुढच्याचा असला तर त्याला क्रियापद द्यावे. आणि कोणी हसले, तर त्याला कारण विचारावे.